मशिदीतला गणपती



सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात,
गोटखिंडी नावाचं गाव आहे.
तिथं दरवर्षी गणपती बसतो... मशिदीत.

सुरुवात साधीच झाली.
आधी गणपती चौकात बसायचा.
एके वर्षी पावसानं जोर धरला.
मूर्ती भिजू लागली.
मुस्लिम मंडळी म्हणाली, मूर्ती मशिदीत आणा.
पुढे १९८० पासून तो रिवाजच पडला.

पण ऐका हं, नुसती जागा देऊन काम संपलं नाही.
आरती, प्रसाद, सगळं दोन्ही समाज मिळून करतात.
गणेशोत्सवात बकरी ईद आली,
तेव्हा मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी दिली नाही.
फक्त नमाज पढली.

म्हणजे नुसती जागा नाही...
कामातही वाटा.

आपल्याकडे काय होतं?
गल्लीत नवं बिऱ्हाड येतं.
कुणी बिहारचं, कुणी तमिळनाडूचं.
वर्गणीची पावती फाडायला आपण त्यांच्या दारी जातोच.
त्यात मात्र कधी भेदभाव करत नाही!
मग प्रसादाला बोलावतो, आणि झालं.
पण पाहुण्याला कुणी काम सांगत नाही.
काम सांगतात ते घरच्या माणसाला.

म्हणून पुन्हा सांगते, कामात वाटा द्या.
यंदा मंडळाच्या बैठकीलाच त्यांना बोलवा.
वेळही त्यांना विचारून ठरवा.
कुणाची रात्रपाळी असते.
मंडपाचं, महाप्रसादाचं एखादं काम त्यांच्यावर सोपवा.

आणि त्यांची छठपूजा आली, पोंगल आला,
की मंडळाच्या सतरंज्या आणि मोठी पातेली
मागायची वाट न बघता पोचवा.