दुगारवाडीचा ओढा



गेल्या श्रावणात थोरल्या मुलाबरोबर दुगारवाडीच्या धबधब्याला निघाले. त्र्यंबकेश्वरच्या पुढे, जव्हारच्या रस्त्यावर. मोती नि वाघ्या, घरचे दोन्ही कुत्रे, होतेच. धबधब्यापाशी जायला ओढा ओलांडावा लागतो. आपल्याकडे ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस झाला की तिथे पाणी एकाएकी चढते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये असेच पर्यटक पलीकडे अडकले होते.

आम्ही पोचलो तो पाणी गढूळ होऊ लागलेले. कुत्रे पलीकडे गेलेसुद्धा!

"आई, गुडघाभरच आहे."

"कुत्र्यांना हाक मार आणि माघारी चल."

बावीस वर्षांचा मुलगा, ऐकेल की नाही, छातीत धडधडत होते. तोंड फुगवून का होईना, त्याने शीळ घातली. मोती लगेच आला. वाघ्या मात्र काठावर केकाटत राहिला. अखेर उडी टाकली, वीसेक हात खाली वाहत जाऊन कसाबसा लागला. मुलगा काही बोलला नाही. त्याला उचलून घेऊनच चढण चढला.