आधी काचांचं रबर, मग रंग

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आजही काहीजण जिवापाड जपतात. अशी जुनी गाडी हाती आली की पहिला खर्च बहुतेकदा रंगावर होतो. माझ्या मते तो काचांच्या रबरावर व्हायला हवा. ऊन आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर कडक होतं, आक्रसतं, कोपऱ्यांत भेगाळतं. नखाने दाबून पाहा. दबलंच नाही तर त्याचं काम संपलं. मग पावसाचं पाणी काचेच्या खाचेत साचतं, पत्रा आतून गंजतो. वरचा रंग फुगलेला दिसतो, तोवर पत्रा बराच खाल्लेला असतो.

कुणी म्हणेल, सिलिकॉन भरलं की भागतं. गळती थांबते खरी, पण आंबूस वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. आत शिरलेलं पाणीही तिथेच कोंडतं. रबर बदलताना काच फुटण्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणून जुनं रबर ओढू नये, ब्लेडने कापून काढावं, गंज खरवडून प्रायमर लावावा. नवं रबर काचेवर चढवायचं, त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत दोरी बसवायची, साबणाचं पाणी लावायचं. बाहेरून एकाने तळव्याने काच दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी सावकाश ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. दारांच्या काचेलगतची पट्टी मात्र पाणी फक्त निपटते, थोडं आत जाणारच. तेव्हा दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करून घ्या.