खोली, शाळा आणि अंतर

मानवतच्या कापूसपट्ट्यातून पुण्या-मुंबईस गेलेले कुटुंब प्रथम काम शोधते, मग खोली, आणि शेवटी मुलांसाठी शाळा. खोली परवडते तेथे चांगली शाळा क्वचितच असते. चांगली शाळा असते तेथे खोली परवडत नाही. महानगरातील शैक्षणिक विषमतेचे मर्म हेच आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बिगर-अल्पसंख्याक खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. परंतु सोडतीत अंतर पाहिले जाते आणि भाडेकरूस नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. घरमालकाने तो करून दिला नाही, तर हक्क कागदापाशीच अडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास, खासगी शाळांना या दायित्वातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली.

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा सोडत काढली नव्हती. महापालिकेची शाळाच उत्तम झाली, तर चिठ्ठीची वाट कोणास पाहावी लागणार नाही. तोवर शहरात स्थिरावलेल्या प्रत्येक मानवतकराने नव्याने आलेल्या एका तरी कुटुंबाचा अर्ज भरून द्यावा. समाजऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.