ढोल, ताशा आणि कान



चाकणच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काम करणारा तरुण पाळीवर जाताना कानांत प्लग घालतो. नियमच तसा आहे. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा. तोच तरुण संध्याकाळी वाकडला परततो, कमरेला ढोल बांधून सरावाला उभा राहतो, तेव्हा त्याचे कान उघडे असतात. पथकाच्या मधोमध ढोलाचा दणका यंत्राहून सौम्य नसतो, आणि ताशाची कडकड तर अधिकच बोचरी. मग कारखान्यात तो कान जपतो ते कानांच्या काळजीने, की साहेबांच्या धाकाने? हिंजवडीला संगणकावर काम करणारा त्याचा शेजारी वाहतुकीचा गोंगाट बुडवण्यासाठी हेडफोनचा आवाज चढवतो. त्याला तर धाक घालणाराही कोणी नाही.

या तरुणांना धोका ठाऊक नाही, असे मुळीच नाही. अडचण वेगळीच आहे. कान तत्काळ तक्रार करत नाही. मिरवणुकीनंतर रात्रभर कानांत शिटी वाजत राहते, सकाळी ती थांबते आणि सारे पूर्ववत झाले असा समज होतो. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्यांतील मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. प्रथम वरच्या पट्टीचे ध्वनी जातात. माणूस बोलतो आहे हे कळते, पण ‘स’ की ‘फ’ हे उमगत नाही. हे ध्यानात येईतो चाळिशी उलटलेली असते.

लोकमान्यांनी 1893 मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. 2000 च्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घातली. 2023 च्या विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर मोजलेली सरासरी शंभराच्या पुढे गेली. 2024 मध्ये हरित लवादाने पथकातील वादकांची संख्या तीसवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ढोल राहिला, हे उत्तमच झाले. वादकाचा कान मात्र न्यायालयाने सांभाळावा असा नाही. ते पथकप्रमुखाच्या हाती आहे.

‘प्लग घातला तर ताल कसा कळणार?’ असे तरुण विचारतात. शंका रास्त आहे, पण नीट बसलेला प्लग ताल पुसत नाही, वीसेक डेसिबलने आवाज उतरवतो. कापसाच्या बोळ्याने तेवढे साधत नाही. फोमच्या प्लगची जोडी काही रुपयांत मिळते. नव्या वादकाच्या हाती पहिल्या दिवशी टिपरू देतात, त्याच वेळी ही जोडीही द्यावी.