बदललेला सांधा पुन्हा दुखू लागला तर



ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. मात्र बदललेला गुडघा पुन्हा दुखू लागल्यास तो सैल झाला की त्यात जंतुसंसर्ग झाला, हे आधी ठरवणे अगत्याचे असते. दोहोंचे उपचार भिन्न आहेत. जंतू धातूवर चिकट थर करून दडतात, त्यामुळे ताप नसतानाही संसर्ग असू शकतो. म्हणून रक्तातील ईएसआर व सीआरपी पाहतात, सांध्यातील पाणी काढून पांढऱ्या पेशी मोजतात आणि कल्चर लावतात. काही जंतू उगवण्यास १४ दिवसही लागतात. आधीच अँटिबायोटिक घेतल्यास जंतू असूनही कल्चरमध्ये दिसत नाहीत. तेव्हा सोनगीरच्या वडीलधाऱ्यांना नम्र विनंती, मेडिकलमधून परस्पर गोळी न घेता आधी धुळ्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.