पाळी लांबते तेव्हा



मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसतो. पाळी लांबणाऱ्या मुलीसाठी घरोघरी एकच उत्तर ऐकतो, "लग्न झालं की होईल ठीक." त्याविषयीच बोलायचं आहे.

पीसीओएसमध्ये सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' म्हणजे वाढ अर्धवट राहिलेल्या बीजपिशव्या. मूळ बिघाड हार्मोन्सचा. बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्यामुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन्स वाढतात. मग बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, मुरुमं आणि हनुवटीवर केस येतात. सडपातळ मुलींनाही हे होतं.

दुर्लक्ष केलं तर पुढे मधुमेहाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पाळी सुरू होऊन 3 वर्षं झाल्यावरही ती 35 दिवसांपेक्षा लांबत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. साखर तपासून घ्या. वजन जास्त असेल, तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी पाळी पुष्कळदा सुधारते. गोळ्या मात्र मनाने सुरू किंवा बंद करू नका.

आणि वडीलमंडळी, हे सगळं आईवर सोपवू नका. मुलीबरोबर दवाखान्यात तुम्हीही जा.

गणपती बाप्पा मोरया!