ठोक्यांच्या लयीचा अंदाज

नाशिकच्या शालिमार भागातल्या संदर्भ सेवा रुग्णालयात काय किंवा कुठेही काय, इकोच्या अहवालात एक टक्केवारी असते: इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते ती सांगते. निरोगी माणसात ती साधारण 55 ते 70. नीट औषधं घेऊन तीन महिने झाले तरी ती 35 किंवा त्याखालीच राहिली, तर जीवघेण्या लयबिघाडाचा धोका मोठा मानतात आणि छातीत आयसीडी बसवण्याचा विचार होतो. ठोके बेलगाम झाले, की हे यंत्र आतूनच विजेचा झटका देतं. माणसात ते पहिल्यांदा बसवलं 1980 साली, अमेरिकेत बाल्टिमोरला.

पण हा 35 चा आकडा तसा भाबडाच. अचानक हृदय थांबून दगावणाऱ्यांत 35 च्या वरचेही पुष्कळ असतात. खरी मेख असते हार्ट अटॅकनंतर स्नायूत उरलेल्या व्रणात. त्यातून जाताना विद्युतलहर रेंगाळते, वळसा घेते आणि तिथेच गोल फिरत राहते. म्हणून आता एमआरआयवर व्रणही पाहतात.

अटॅक येऊन गेलेला माणूस एकाएकी बेशुद्ध पडला, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका; शुद्धीवर आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वासच थांबला असेल, तर 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहा.